तारांची कुरकुर

न्यू ऑर्लिन्सच्या हवेत चामडं कुणाचं ऐकत नाही. सकाळी कितीही ताणून ठेवा, दुपारी नदीवरून ओला वारा सुटला की ते मऊ पडलेल्या पापडासारखं ढिलं. म्हणून ट्रेमे भागातल्या एका पिवळ्या घरात एकतीस वर्षं एक नेम अखंड चालला होता. चर्चमधली सकाळची प्रार्थना, मिसा, आटोपून यूलाली घरी यायची, चिकोरीची कॉफी उकळायची, आणि तिचा नवरा ओव्हीद आपला स्नेअर उचलून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवायचा. पितळी घेराचा, त्याच्या बापाच्या वेळचा ढोल. वर चामडं, खाली त्याहून पातळ चामडं, आणि खालच्याला बिलगून बसलेल्या तारा. सगळी कडकड त्या तारांची.

ओव्हीद कडेपासून बोटभर आत, एकेका स्क्रूजवळ काठीने हलकेच टिचकी मारायचा. यूलाली डोळे मिटून ऐकायची आणि चौकोनी तोंडाची छोटी किल्ली फिरवायची. एक स्क्रू इकडचा, मग समोरचा तिकडचा, असे आठ. कुठला वर चढला असेल तर आधी पुरता सैल करायचा आणि खालून वर आणायचा. वरून खाली ओढलेला स्वर टिकत नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

ओव्हीदच्या हातात जादू होती, पण कान बेताचाच. हे त्याला ठाऊक होतं, तिला ठाऊक होतं, तिसऱ्या कुणाला नव्हतं. नाचघरात लोक म्हणायचे, ओव्हीदच्या स्नेअरला जीभ आहे. तो टोपी काढून मान लववायचा. यूलाली घरी बसून माळ ओढायची, आणि तिला काही कमी वाटायचं नाही. कारण दिवसभर मुखदुर्बळ असणारा तिचा नवरा त्या अर्ध्या तासात बोलायचा. कोण कुणाशी भांडलं, कोणाला कर्णा उचलत नाही, कालच्या सूपमधली भेंडी कशी झाली होती, सगळं. टिचकी, बोलणं, किल्लीचा वेढा. त्यांचा संसार त्या टेबलावर उभा होता म्हटलं तरी चालेल.

आणि मग साठ सालच्या मे महिन्यात तो प्लास्टिकचा पडदा आला.

ओव्हीद दुकानातून आला तेव्हा ढोलावर दुधासारखं पांढरंफेक काहीतरी ताणलेलं होतं. खालीही तसंच, पण आरपार दिसणारं.

"चामडं कुठं गेलं?" यूलालीने विचारलं.

"फाटायलाच आलं होतं. हे बघ लाली, याला पाऊस नाही, धुकं नाही. एकदा लावलं की तीन आठवडे हलत नाही म्हणते."

"कोण म्हणते?"

"व्हर्डेल. रँपार्ट स्ट्रीटवरच्या दुकानात बसते ती. म्हाताऱ्या पिकूची मुलगी, शिकागोहून परत आलीय. बापासारखी ढोल दुरुस्त करते." त्याने टोपी खुंटीला लावली. "कान चांगला आहे तिचा."

यूलालीने कॉफीचा पेला त्याच्यापुढे ठेवला. एकतीस वर्षांत तिच्या कानाला त्याने एकदाही चांगला म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच पडली नव्हती. उजव्या हाताला कुणी चांगला हात म्हणतं का? तिला हे सगळं कळत होतं. पण कळणं डोक्यात होतं आणि जळणं पोटात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओव्हीदने ढोल टेबलावर आणलाच नाही. तो वर्तमानपत्र वाचत कॉफी प्याला. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी तिने स्वतःच विचारलं, "आज नाचघर आहे ना? ढोल?"

"ठीक आहे तो. बघितला मी."

"कानाने बघितलास की डोळ्याने?"

"लाली, हललाच नाही तर काय बघायचं?"

खरंच हलला नव्हता. तो बाहेर गेल्यावर तिने नखाने आठही जागी टिचक्या मारून पाहिल्या. आठही एका सुरात, दाण्याला दाणा जुळावा तशा. एखादी तरी चूक सापडावी म्हणून तिने पुन्हा ऐकलं. नाही सापडली. मग तिने एप्रनच्या खिशातली आपली किल्ली काढून पिठाच्या डब्यामागे ठेवली, आणि तासाभराने पुन्हा खिशात घातली.

त्या आठवड्यात मेणबत्त्या आणायचं निमित्त करून ती रँपार्ट स्ट्रीटवरून गेली. मेणबत्त्या चर्चशेजारीच मिळतात, हे सांगायला नको. दुकानाचं दार उकाड्यामुळे उघडं होतं. आत ओव्हीद नाचघराच्या पुऱ्या संचामागे बसला होता: पायाचा मोठा ढोल, दोन टमटम म्हणजे मधल्या आकाराचे ढोल, मध्ये स्नेअर. आणि त्याच्यासमोर गुडघे टेकून एक बाई किल्ली फिरवत होती. चाळिशीची असेल. हाडकुळी, चष्मा लावलेली, केस रुमालात बांधलेले. देखणी असती तर यूलालीला बरं वाटलं असतं. देखणेपणाची भूल उतरते. ही बाई डोळे मिटून ऐकत होती.

"वाजवा टमटम," बाई म्हणाली.

ओव्हीदने टमटमवर ठोका दिला, आणि स्नेअरला कुणी हातही लावला नसताना त्याच्या तारा खालच्या खाली कुरकुरल्या.

"ऐकलंत? शेजारणीला कुणी हात लावला की हिची आपली कुरकुर सुरू."

ओव्हीद हसला. "मग हिला कसं गप्प करायचं?"

"हिला नाही काही करायचं. शेजारणीलाच अर्धा वेढा उतरवू. दोघींचे सूर फार जवळ आलेत."

यूलाली दारातून मागे फिरली. बाई ढोलाबद्दल बोलत होती. तरीही घरी येईपर्यंत तिचे कान तापलेले होते. तो हसला कसा. सकाळच्या टेबलावरचं हसणं होतं ते.

त्याच संध्याकाळी तिने व्रत धरलं. संत अ‍ॅनाचं नऊ दिवसांचं. पहाटे मिसा, एक वेळ अन्न, आणि दुपारी बाराची घंटा होईपर्यंत मौन. शेजारणींना सांगितलं, बहिणीच्या गुडघ्यांसाठी. ते खोटं नव्हतं. गुडघ्यांचं नावही ती घ्यायची. पण माळ संपता संपता, अगदी शेवटच्या मण्याला, ओठ न हलवता ती संतमाउलीला विनवायची, की तो पांढरा पडदा फाटू दे.

देवाच्या दारात असलं मागणं नेऊ नये. पण रिकाम्या हाताने जाववत नाही तेव्हा माणूस जे हातात असेल ते घेऊन जातो.

व्रताच्या तिसऱ्या दिवशी प्रोफेसर तेओजीन वारले. चाळीस वर्षं ओव्हीदच्या बँडचा कर्णा त्यांच्याकडे होता. ओव्हीदला सतराव्या वर्षी रस्त्यावर उभं करून वाजवायला त्यांनीच शिकवलं. शनिवारी सकाळी दफन ठरलं. बँड निघणार, आणि स्नेअर ओव्हीदचा, यात बोलण्यासारखं काही नव्हतं.

शनिवारी ती मिसेहून परतली, तो ढोल टेबलावर होता. काळा कोट घालून ओव्हीद समोर बसला होता. दोन पेले मांडलेले, कॉफी त्यानेच केली होती. त्याने ढोलाचा खटका खाली ओढला, तारा सुटल्या, आणि मधोमध एक ठोका दिला.

यूलालीला तत्क्षणी कळलं. स्मशानाकडे जाताना तारा सोडलेल्या हव्यात. ढोल दबका वाजला पाहिजे, जमिनीखालून कुणी दार ठोकावं तसा. चामडं तसं आपोआप व्हायचं, निम्मं काम दमट हवाच करायची. हे प्लास्टिक नाचघरासाठी ताणलेलं, वर घट्ट, खाली त्याहून घट्ट. तारा सोडल्यावर ते टणटण करत होतं. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यासारखं.

ओव्हीद तिच्याकडे बघत होता. "कसा वाटतो?"

घड्याळात आठ वाजले होते. तिने तर्जनी ओठांवर ठेवली.

"हो, तुझं ते व्रत." काठीचं टोक ढोलाच्या कडेवर टेकवून ठेवलं होतं त्याने. "लाली, मान हलवलीस तरी चालेल."

तिने माळ काढली आणि खिडकीकडे तोंड करून बसली. किल्ली एप्रनच्या खिशात मांडीला टोचत होती. जा की, विचार तुझ्या चांगल्या कानवालीला, असं ती मनात म्हणाली; आणि लगेच पुढचा मणी ओढला. वसा घेतला होता, तो मोडता येत नव्हता. इतकं सोपं होतं ते. आजवर कुठल्याही व्रताने तिला इतकी मदत केली नव्हती.

ओव्हीदने एकट्याने कॉफी संपवली, ढोल गळ्यात अडकवला आणि गेला.

दहा वाजता चर्चबाहेर ओकच्या सावलीत बँड उभा राहिला. यूलाली चर्चच्या भगिनी मंडळाच्या रांगेत होती, पांढरा झगा, खांद्यावरून जांभळा पट्टा. तिच्या हाताला धरून प्रोफेसरांची विधवा मादाम आर्मान्तीन चालत होती. यूलालीच्या छोट्या बटव्यात माळ, रेशमी रुमाल आणि, कशासाठी ते तिने स्वतःला विचारलं नव्हतं, ती किल्ली.

शवपेटी बाहेर आली. ओव्हीदने पहिला रोल दिला.

टणटणटणटण.

रांगेतल्या एका बाईने मागे वळून पाहिलं. पायाचा मोठा ढोल पोटावर बांधलेला जाडा लुसियाँ तोंड न हलवता पुटपुटला, "ओव्हीद, माणूस पुरायचाय, दूधवाला बोलवायचा नाही."

"गप वाजव."

"मी वाजवतोय. तू काय करतोयस ते विचारतोय."

कर्ण्यांनी शोकाचा सूर धरला, पावलं पडायला लागली, आणि प्रत्येक पावलाला तो डबा. यूलालीला वाटलं होतं, आपल्याला बरं वाटेल. चार घरं ओलांडेपर्यंत वाटलंही. गर्दीत फूटपाथवरून चालणारी व्हर्डेल तिला दिसली, चष्मा, काळी टोपी. ऐक म्हणावं, यूलालीच्या मनात आलं, ऐक तुझं तीन आठवडे न हलणारं. मग तिचं लक्ष ओव्हीदच्या मानेकडे गेलं. मान खाली गेली होती आणि लाल झाली होती. तो काठ्या हलक्या, आणखी हलक्या करत चालला होता. आवाज आणखी पातळ, आणखी टिनपाट होत होता.

मादाम आर्मान्तीनने तिचा दंड दाबला. म्हातारी हळूच म्हणाली, "तेओजीन म्हणायचा, माझ्या वेळी ओव्हीद रडवील साऱ्यांना. बरं नाही का गं वाटत त्याला?"

यूलालीने ओठ मिटले. बाराला अजून वेळ होता.

प्रोफेसरांच्या घरापुढे यात्रा थांबते तशी थांबली. मृताला घराचा शेवटचा निरोप. फादर प्रार्थना म्हणू लागले. तेवढ्यात व्हर्डेल गर्दीतून वाट काढत थेट यूलालीसमोर येऊन उभी राहिली.

"मिस यूलाली, मी व्हर्डेल. आपली ओळख नाही. त्या ढोलाचं काहीतरी करा."

यूलालीने बोट ओठांवर ठेवलं.

"ठाऊक आहे, व्रत आहे. त्यांनी सांगितलंय. मी शब्द मागत नाही, हात मागतेय." व्हर्डेल घाईत, पण हळू बोलत होती. "मी शिकागोत वाढले. तिकडे असं पोचवत नाहीत कुणाला. मला हा सूर ठाऊकच नाही. गुरुवारी मी म्हटलं, दफनासाठी लावून देऊ का? तर म्हणाले, नको, तो लाली लावते. आम्ही सकाळी टेबलावर बसतो आणि ती लावते. एवढं बोलले आणि पंधरा मिनिटं तुमच्याबद्दलच बोलत राहिले. मला काम होतं हो." तिने चष्मा सारखा केला. "मग आज तुम्ही लावला का नाही?"

टेबलावर दोन पेले होते. ते यूलालीला आता दिसले. सकाळी फक्त ढोल दिसला होता. तो ढोल दाखवायला नव्हता बसला. वाट बघत होता.

फादरांची प्रार्थना अर्ध्यावर आली होती. यूलालीने मादामचा हात शेजारणीच्या हातात दिला आणि बँडच्या रांगेत शिरली. ओव्हीदने तिच्याकडे पाहिलं.

"पट्टा सोड," ती म्हणाली.

"लाली, बारा वाजले नाहीत अजून."

"माझं आणि संतमाउलीचं मी बघेन. तू टिचकी मार."

ढोल प्रोफेसरांच्या पायरीवर ठेवला. पांढऱ्या झग्याचा विचार न करता ती गुडघ्यावर बसली. आधी वरचे आठ, जोडीजोडीने, पुरते सैल; मग खालून वर, थोडेच. ओव्हीदच्या टिचक्या नेमक्या जागी पडत होत्या. मग ढोल उलटा. खालचे. कुठे थांबायचं ते प्लास्टिक सांगत नव्हतं, चामडं सांगायचं. तिला अंधारात जिना उतरल्यासारखं वाटलं. दोन स्क्रूंमध्ये ती अडखळली.

"तो तिसरा," मागून व्हर्डेल म्हणाली. "केसभर वर आहे."

वर होता. यूलालीच्या आधी तिला ऐकू आला होता. पोटात काहीतरी झर्रकन पेटलं, आणि पेटलेलं तसंच ठेवून यूलालीने तो तिसरा उतरवला. शेवटी रेशमी रुमाल काढून, घडी करून तारा आणि पडदा यांच्यामध्ये सरकवला. ओव्हीदने एक ठोका दिला.

जमिनीखालून कुणीतरी दार ठोकलं.

लुसियाँने टोपी काढून छातीशी धरली. "आता कसं," तो म्हणाला. स्मशानापर्यंतच्या त्या वाटेवर बायका उघड्यावर रडल्या, मादाम आर्मान्तीन तर रस्त्यात थांबून रडली, आणि ओव्हीदची मान सरळ होती.

स्मशानाच्या फाटकाशी बँड बाहेर थांबतो. आत पुरणं उरकलं, देहाला मोकळं केलं, की तारा चढवायच्या आणि नाचत परतायचं. माणूस सुटला, त्याचा आनंद रस्त्यावर मांडायचा. तो कडकडीत सूर वेगळा. म्हणजे हे सगळे स्क्रू पुन्हा चढायला हवे होते, आणि यूलालीला तर मादामला धरून आत जायचं होतं. म्हातारी तिच्याखेरीज दुसऱ्या कुणाचा हात धरायला तयार नव्हती.

व्हर्डेल शेजारी उभी होती. तिने हात पुढे केला नाही. "माझी किल्ली दुकानात राहिली," एवढंच म्हणाली.

यूलालीच्या मुठीत किल्ली घामाने ओली झाली होती. ओव्हीद दुसरीकडे बघत होता, नवरे अशा वेळी बघतात तसा. ती नाही म्हणू शकत होती. सांगू शकत होती की ढोल असाच वाजू दे. कुणी दोष दिला नसता, म्हणाले असते, दुःख फार आहे. एका मण्याएवढा वेळ तिने खरंच तो विचार केला.

"परत दे," ती म्हणाली, आणि किल्ली व्हर्डेलच्या तळहातावर ठेवली. "खिशात विसरून जाऊ नकोस."

"नाही विसरणार."

"आणि खालून वर आण."

"हो, मिस यूलाली. बापाने पहिला धडा तोच दिला होता."

आत पांढऱ्या थडग्यांमध्ये फादर माती टाकत होते. भिंतीपलीकडून टिचक्या येत होत्या. यूलालीने मादामला धरलं होतं, मान खाली होती, ओठांवर प्रार्थना होती आणि दोन्ही कान भिंतीपलीकडे. एक. समोरचा. तिसरा. ती चूक शोधत होती. हे तिने नंतर फादरांपुढे कबूलही केलं, की मी एका पुण्यवान माणसाच्या थडग्यापाशी उभी राहून दुसऱ्या बाईची चूक ऐकत होते. सात. आठ. चूक नव्हती. चर्चची बाराची घंटा झाली, आणि तिला आता बोलायची मुभा होती, आणि बोलण्यासारखं काहीच नव्हतं.

फाटकातून बाहेर येताच ओव्हीदने खटका वर केला. तारा बसल्या. रोल असा फुटला, की नाचणाऱ्यांच्या छत्र्या उघडल्या आणि मादाम आर्मान्तीननेसुद्धा रुमाल हवेत फिरवला. व्हर्डेलने यूलालीचा रेशमी रुमाल घडी करून परत दिला. त्यात किल्ली होती.

"तो तिसरा," व्हर्डेल म्हणाली, "तुम्ही मला न सांगताही पकडला असता."

"पकडला असता," यूलाली म्हणाली. मग, कारण ती खोटं बोलत नसे, "पण उशिरा."

व्रताचे राहिलेले दिवस तिने पुरे केले, मोडलेल्या मौनाबद्दल तीन दिवस वाढवून. शेवटच्या मण्याला आता ती काही मागत नव्हती. मागू नये म्हणून फार जोर लावावा लागत होता, एवढंच.

मग आला सोमवार. दर सोमवारचा लाल राजमा भिजत होता. ती मिसेहून परतली, तो ढोल टेबलावर, पेले दोन. ओव्हीद काठी घेऊन बसला होता, चेहरा दगडासारखा.

"जरा बघतेस का?" तो म्हणाला. "हललाय बहुतेक."

तिने किल्ली काढली. एक नीट होता. दोन नीट. तीन. चौथा चक्क लोंबत होता, दोन वेढ्यांनी तरी सैल. प्लास्टिक दवाने सैल पडत नाही, आणि चौथा स्क्रू त्याच्या डाव्या हाताकडचा.

"हवा फार खराब आहे," यूलाली म्हणाली.

"फारच."

तिने तो खालून वर आणला. अर्धा तास लावला त्याला. लुसियाँच्या बायकोने त्याला घराबाहेर कसं काढलं, ते ओव्हीदने पहिल्यापासून सांगितलं. सांगता सांगता मध्येच म्हणाला, "व्हर्डेल म्हणत होती, नाचघराच्या संचाचे टमटम तुझ्याकडून एकदा..."

त्याने ते नाव उच्चारताच तिच्या आत, कुणी हात लावला नसताना, काहीतरी बारीक कुरकुरलं. तिने ते ऐकलं. पुरती गप्प करता येत नाही ती कुरकुर. तारा काढूनच टाकल्या तर मग तो स्नेअर कसला?

"शुक्रवारी ये म्हणावं तिला," यूलाली म्हणाली. "इथे. माझ्या टेबलावर. आणि तिची किल्ली तिने आणावी."